कार्तिकातील दक्षिणायन

माळव्यात कोजागिरीचे दूध आटवून झाले की थंडीची पहिली वर्दी पहाटवाऱ्याबरोबर येते. क्षिप्रेच्या घाटावर कार्तिकस्नानास जाणाऱ्या स्त्रिया शाली पांघरू लागतात, आणि ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांचे गुडघे पंचांग न उघडताच ऋतू सांगू लागतात. युरोप-अमेरिकेतील सुखवस्तू वृद्ध दांपत्ये अशा वेळी चाकांवरच्या घरात बसून ऊब शोधीत दक्षिणेस निघतात, असे आपण वाचतो. त्या घरात म्हणे ओटा असतो, न्हाणी असते, निजायला पलंग असतो. आमच्यापाशी तेवढे ऐश्वर्य नाही. परंतु मारुतीची एक जुनी इको गाडी आहे. तिच्या मागच्या बैठका काढून सुताराकडून एक फळी बसवून घेतली, वर गादी टाकली, खाली शेगडी, डबे, पाण्याचा कॅन आणि पुस्तकांची एक पेटी अशी व्यवस्था लावली, आणि दिवाळीच्या सुट्टीला अर्जित रजा जोडून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही उभयतांनी उज्जैन सोडले. सूर्य दक्षिणायनात असतोच. त्याच्यामागून आम्हीही निघालो.

कोठे जायचे हे मात्र आधीच ठरलेले होते. गोव्याला जातो म्हटल्यावर शेजारपाजारच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर जे गोवे उभे राहिले ते आम्हाला नको होते. आम्हाला पेडणे आणि डिचोली हे उत्तरेकडचे दोन तालुके पाहायचे होते. का, ते पुढे कळेलच.

रस्त्याचे वर्णन करून वाचकांना शिणवीत नाही. इंदूर, खलघाटची नर्मदा, सेंधव्याचा किल्ला, बिजासनचा घाट, धुळे, नाशिक, पुणे, कोल्हापूर असा हा हजार-अकराशे किलोमीटरांचा मार्ग. आता त्याचा बराचसा भाग इतका रुंद आणि गुळगुळीत झाला आहे की लक्षात ठेवण्याजोगे फारसे काही उरत नाही. नर्मदेत हिने शिरस्त्याप्रमाणे नाणे टाकले. कराडच्या अलीकडे एका पेट्रोल पंपाच्या आवारात आम्ही गाडीतच रात्र काढली, तेव्हा रखवालदाराने दोनदा येऊन, "काका, काकू, काही लागलं तर हाक मारा" असे सांगितले. निपाणी, आजरा करीत आंबोलीस पोहोचलो तो धुके होते. घाट उतरू लागलो तसतशी हवा बदलत गेली. पहिल्या वळणावर हिने शाल काढली, तिसऱ्यावर मोजे काढले, आणि पायथ्याशी आलो तेव्हा काच खाली करून म्हणाली, "अहो, हे तर माहेरच्या स्वयंपाकघरासारखं उबदार आहे." दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालली होती. कापलेल्या पेंढ्याचा तो ओलसर गोड वास माळव्यातल्या माणसाला अनोळखी असतो. आपल्याकडे या दिवसांत नांगरलेल्या काळ्या जमिनीचा आणि हरभऱ्याच्या पेरणीचा वास.

सावंतवाडी सोडून बांद्याच्या वाटेवर इन्सुली लागते. येथे आम्ही मुद्दाम थांबलो. संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे हे स्थान. सोहिरोबांचा जन्म १७१४ चा मानतात. घराण्याचा संबंध पेडणे महालाशी, वास्तव्य बांद्याचे, आणि वृत्ती कुलकर्ण्याची. आख्यायिका अशी आहे की, सावंतवाडीच्या दरबारी निघाले असता वाटेत रानात ते फणस खावयास बसले. तेथे एका योग्याने येऊन आपला वाटा मागितला. सोहिरोबांनी आनंदाने गरे पुढे केले. तो योगी म्हणजे गहिनीनाथ. त्या क्षणानंतर कुलकर्ण्याच्या दप्तरात त्यांचे मन रमले नाही. सिद्धान्तसंहिता, महदनुभवेश्वरी, अक्षयबोध असे त्यांचे ग्रंथ आहेत, आणि त्यांची पदे आजही कोकणात व गोव्यात भजनी मंडळांच्या मुखी आहेत.

परंतु आम्हा उज्जैनकरांना त्यांच्या चरित्राचा उत्तरार्ध जवळचा. साठीच्या सुमारास, ज्या वयात माणूस अंगणातल्या बाजेवर उन्हाला बसतो, त्या वयात सोहिरोबा घर सोडून उत्तरेस निघाले. शिंद्यांच्या राज्यात आले, महादजींच्या भेटीस गेले. महादजी स्वतः पदे रचीत. त्यांच्या काव्याची तारीफ करण्याचे या नाथपंथी म्हाताऱ्याने साफ नाकारले, अशी कथा आहे. सरदारासमोर इतके निर्भय बोलणारा माणूस कोकणातून पायी आला होता, याचे मला नेहमी कौतुक वाटते. पुढे १७९२ मध्ये उज्जैनलाच ते अदृश्य झाले, असे परंपरा सांगते. म्हणजे आम्ही तीन-चार दिवसांत गाडीने जो रस्ता दक्षिणेकडे तोडला, तोच त्यांनी उलट दिशेने, आयुष्याच्या संध्याकाळी, ऊब मागे टाकून तोडला होता. इन्सुलीच्या त्या शांत जागी हिने उज्जैनहून आणलेली क्षिप्रेच्या पाण्याची लहान बाटली काढली आणि झाडाच्या मुळाशी रिकामी केली. ती तिने केव्हा भरून घेतली होती हे मला ठाऊक नव्हते.

बांद्यापासून थोड्याच अंतरावर पत्रादेवी. येथे गोव्याची हद्द सुरू होते. पर्यटकांच्या गाड्या या ठिकाणी वेग घेतात, कारण समुद्र आता जवळ आलेला असतो. आम्ही गाडी बाजूस घेतली.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसे पडली. पत्रादेवीला पडलेल्यांमध्ये पंजाबातील इसडू गावचा तरुण शिक्षक कर्नैलसिंग होता. सागरच्या सहोद्राबाई राय याच सत्याग्रहात गोळ्या लागून जखमी झाल्या. पुढे त्या लोकसभेवर निवडून आल्या. आणि त्याच दिवशी उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ तिरंगा हाती घेऊन पुढे झाले आणि गोळी लागून हुतात्मा झाले. नारायण बळवंत महाकाळ हे त्यांचे पूर्ण नाव. मराठी घरातला, महाकालेश्वराच्या सावलीत वाढलेला हा माणूस.

उज्जैनमध्ये नानाखेड्याच्या बसस्थानकाला त्यांचे नाव आहे. आमच्या शाळेतील निम्मी मुले तेथूनच बस पकडतात. पाटीवरचे ते नाव कोणाचे, असे मी एकदा नववीच्या वर्गात विचारले होते. एका मुलाने, महाकाल मंदिराकडे जाणाऱ्या गाड्या तेथून सुटतात म्हणून ते नाव, असे उत्तर दिले. त्याचा दोष नाही. आम्ही पाटी लावतो आणि गोष्ट सांगायचे राहून जाते. पत्रादेवीच्या स्मारकापाशी त्या दुपारी आम्हा दोघांखेरीज एक गुरे राखणारा मुलगा तेवढा होता. त्याला मी विचारले, "हे कोणाचे रे?" तो लगेच म्हणाला, "सत्याग्रहींचे. पंधरा ऑगस्टाक हांगा झेंडो करतात." माझ्या नववीपेक्षा त्याला अधिक माहीत होते.

गोवे मुक्त झाले ते १९ डिसेंबर १९६१ रोजी. पत्रादेवीहून पेडणे गाव काही किलोमीटरांवर आहे. राजाभाऊंना तेवढे अंतर तोडता आले नाही.

पेडणे हा तालुका गोव्याच्या ज्या भागात मोडतो त्याला नव्या काबिजादी म्हणतात. साष्टी, बार्देश, तिसवाडी हे जुने मुलूख सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. तेथील देवळे पडली, देव नद्या ओलांडून पळाले. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकडून त्यांच्याकडे गेले. तोवर धर्मसमीक्षेची धग बरीच निवली होती. त्यामुळे येथे गावोगावी सातेरी, रवळनाथ, माउली, भगवती आपापल्या जागी सुखाने नांदत आहेत. पेडण्याच्या भगवतीच्या दारातील दोन दगडी हत्ती आम्ही पाहिले. कोजागिरीस येथे भरणारी 'पेडण्याची पुनव' मात्र आम्हाला हुकली. त्या रात्री भुतनाथ म्हणे एका रात्रीत देऊळ बांधून मागतो, आणि कोंबडा आरवेपर्यंत ते काही पुरे होत नाही. सरकारी शाळेच्या इमारतीची वाट पाहिलेल्या माणसाला भुतनाथाचे दुःख चटकन समजते.

पेडण्यातून आम्ही केरीस गेलो. गोव्यात केऱ्या तीन आहेत. एक फोंड्याकडे, एक सत्तरीत, आणि ही समुद्रकाठची, तेरेखोल नदीच्या मुखाशी. पलीकडच्या काठावर टेकडीवर तेरेखोलचा किल्ला दिसतो. खेम सावंतांनी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. अलीकडच्या काठाला सुरूचे बन, वाळू, आणि होड्या.

ही केरी आम्हाला पाहायची होती ती जिवबादादा बक्षी यांच्यासाठी. महादजी शिंद्यांच्या फौजेचा हा बक्षी, जिवबादादा केरकर, येथला. केरकर हे आडनावच गावाचा पत्ता सांगते. उत्तर हिंदुस्थानात १७९० च्या पाटणच्या लढाईत ते होते, आणि महादजींच्या पश्चात १७९५ साली खर्ड्याच्या रणांगणावर शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व त्यांनी केले. दुसऱ्याच वर्षी ते वारले. त्यांच्यासारखेच लखबादादा लाड, बाळोबातात्या पागनीस ही सारस्वत मंडळी शिंद्यांच्या दरबारात इतकी प्रबळ झाली की इतिहासकार त्यांना शेणवी पक्ष म्हणूनच ओळखतात. त्याआधी राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उज्जैनच्या महाकालेश्वराचे देऊळ पुन्हा उभे केले. आज हिंदुस्थानभरचे भाविक ज्या देवळासमोर रांगा लावतात, ते एका शेणवी दिवाणाने उभारलेले आहे, ही गोष्ट त्या रांगेत कोणी सांगत नाही.

आपल्याकडे मराठी माणसे उत्तरेत आली ती पुण्याहून, असे आपण समजतो. पेशव्यांचे नाव मोठे असल्यामुळे तसे वाटते खरे. पण एक वाट या सुरूच्या बनातूनही निघाली होती. समुद्रावर होडी वल्हवणाऱ्यांच्या आणि नारळ मोजणाऱ्यांच्या शेजारचा एक मुलगा घोड्यावर बसून चंबळेपर्यंत जातो, हे मला त्या वाळूवर उभे राहून अधिक नवलाचे वाटले. पुस्तकात वाचताना तसे वाटले नव्हते.

सुरूच्या बनात एक अवजड ट्रक उभा होता, त्यावर चक्क घर बांधलेले. खिडक्यांना पडदे, मागे शिडी. पांढऱ्या केसांचे एक जर्मन जोडपे बाहेर खुर्च्या टाकून बसले होते. त्यांनी गाडी जहाजाने मुंबईस आणली होती. माझ्या इंग्रजीने आणि त्यांच्या इंग्रजीने एकमेकांना बरेच सांभाळून घेतले. ते गृहस्थ १९७६ साली विशीत असताना याच किनाऱ्यावर आले होते, तेव्हा सबंध प्रवास जमिनीवरून झाला होता: इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, पेशावर, लाहोर, दिल्ली. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाअखेरीस अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या, आणि तो रस्ता बंद पडला. हिने त्यांना आमची गाडी दाखवली. त्या बाईंनी फळी, गादी, शेगडी सारे निरखले, आणि डब्यांतला चिवडा पाहून तो मागून घेतला.

आम्हीही तेथेच शेगडी पेटवावी म्हणून ती बाहेर काढीत होतो, तोच किनाऱ्यावर फेरी मारावयास आलेले एक वृद्ध गृहस्थ थांबले. "मास्तर दिसता," ते मला म्हणाले. कशावरून, ते विचारले नाही. तेही निवृत्त प्राथमिक शिक्षक निघाले. त्यांनी अगदी सौम्यपणे सांगितले, की समुद्रकाठी उघड्यावर स्वयंपाक करण्यास येथे मनाई आहे. गोव्याच्या पर्यटन स्थळांच्या कायद्यात २०१९ साली तशी दुरुस्ती झाली, तेव्हा दोन हजारांचा दंड ठरला होता. मग लगेच म्हणाले, "आमच्या खळ्यात गाडी लावा. तिथे कसलाच कायदा नाही. माझी बायको सोडली तर."

हा कायदा योग्यच आहे. बसगाड्या भरभरून येणारे आपलेच लोक रस्त्याच्या कडेला भात शिजवतात, आणि निघताना पत्रावळी, बाटल्या, खरकटे तेथेच टाकून जातात. कासवे अंडी घालावयास येतात त्या मोरजीच्या वाळूवरही ही पाहुणचाराची खूण सापडते.

खळे म्हणजे घरापुढचे सारवलेले अंगण. त्या खळ्यात आमची गाडी सहा रात्री उभी होती. शेगडी मात्र एकदाही पेटली नाही. गुरुजींच्या पत्नीने हिला स्वयंपाकघरात बोलावले आणि दोघींचे तेथेच राज्य सुरू झाले. दिवाळीच्या पहाटे येथे कारीट फोडून पोहे खातात, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गुळातले. आम्हाला ते सारे प्रकार उशिरा का होईना खावे लागले. हिने इंदुरी पोह्यांवर शेव घालून दाखवली. त्यावर गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत, मग, "हेही चालेल," म्हणाले. हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. गुरुजींच्या पत्नीने ती गेल्या हंगामातली थोडी उरलेली पुडीत बांधून दिली.

रात्री आमच्या गप्पा भाषेवर येत. गुरुजी घरात कोकणी बोलत, आमच्याशी मराठी. दोहोंत त्यांना अडखळावे लागत नसे. ते म्हणाले, "आम्ही घरात कोकणी, देवाशी मराठी, आणि सरकाराशी इंग्रजी." पेडण्याचेच सुपुत्र दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्या काळात खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. गुरुजी त्यांतल्याच एका शाळेत शिकले आणि तशाच शाळांतून शिकवीत निवृत्त झाले. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमतकौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे, हा प्रश्न होता. गोव्याने वेगळे राहण्याचे ठरवले, तरी पेडणे आणि डिचोली विलीनीकरणाच्या बाजूची होती. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात वापराची मुभा राहिली. या वादात घरेच्या घरे दुभंगली. गुरुजींना त्याबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, "भांडण भाषांचे नव्हते, मास्तर. भाषा एकाच विहिरीवर पाणी भरतात. भांडण घागरींचे होते."

एका सकाळी त्यांनी आपली जुनी शाळा दाखवली. सुट्टीमुळे कुलूप होते. शेजारच्या घरातून त्यांनी किल्ली आणली. एकच खोली, कौलारू, स्वच्छ. भिंतीवर बाराखडी, ज्ञानेश्वरांचे चित्र, आणि फळ्यावर दिवाळीआधीची तारीख. कोपऱ्यात पटसंख्या लिहिलेली होती: ९. गुरुजी शिकत होते तेव्हा एकेका इयत्तेत त्याहून जास्त मुले असत. गावातील मुले आता पिवळ्या बसमधून पेडण्याला इंग्रजी शाळेत जातात. पटसंख्या आणखी घटली तर ही शाळा जवळच्या दुसऱ्या शाळेत विलीन होईल.

मी मराठी घेऊन एम. ए. झालो आणि उभी हयात हिंदी माध्यमाच्या शासकीय शाळेत काढली. घरात मराठी टिकवायची, बाहेर हिंदीत जगायचे, हे आपल्या सर्व घरांचे दोन-अडीच शतकांचे धोरण आहे, आणि ते बरेच यशस्वी झाले असे मी मानीत आलो आहे. गणेशोत्सव, नाटके, कोजागिरी सर्व काही होते. पण गुरुजींनी एक प्रश्न विचारला: "तुमच्या नातवंडांना मराठी वाचता येते?" ही चटकन म्हणाली, "बोलतात छान. वाचत नाहीत." गुरुजींनी मान हलवली. त्यांच्या नातवाचेही तसेच. तो बंगळुरात असतो, भजनाच्या चाली त्याला पाठ आहेत, पण शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून घेतो. तुळशीच्या लग्नाच्या रात्री तो फोनवर मंगलाष्टके म्हणाला. ऊस, दिंडा, चिंच, आवळे यांनी सजलेल्या वृंदावनासमोर गुरुजींनी फोन उंच धरला होता, आणि मंगलाष्टके मधूनमधून तुटत होती.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावच्या जत्रेत आम्ही रात्रभर दशावतार पाहिला. येथून सावंतवाडी-मालवणपर्यंतच्या पट्ट्यात कार्तिकात जत्रा सुरू होतात आणि दशावतारी मंडळी गावोगाव फिरू लागतात. नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. संकासुर गावच्या बोलीत लोकांना हसवतो. परंतु राजा, ऋषी, राणी रंगमंचावर आले की त्यांच्या तोंडून जी भारदस्त, संस्कृतप्रचुर मराठी वाहते ती ऐकून मी थक्क झालो. राणी झालेला नट दिवसा रिक्षा चालवतो, असे गुरुजींनी सांगितले. त्याच्या एका वाक्यात तीन उपवाक्ये होती आणि क्रियापद अखेरीस अचूक जागी येऊन बसत होते. माझ्या बी. ए. च्या वर्गातील किती जणांना हे जमले असते, याचा मी हिशेब करू लागलो. पुढे बसलेल्या मुलांना त्यातले सारे शब्द कळत असतील असे नाही. पण पहाटे तीन वाजता एकही मूल झोपलेले नव्हते.

मोपाचे पठार गुरुजींनी लांबूनच दाखवले. तेथे डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. पूर्वी त्या सड्यावर काजू होते आणि धनगर गुरे चारीत. आता पेडण्यात जमिनीचा भाव विचारणारे परके लोक रोज येतात. गुरुजींच्या खळ्यातही दोघे येऊन गेले होते.

तुळशीच्या लग्नानंतर आम्ही डिचोलीकडे वळलो. म्हापसा, अस्नोडा, मग डिचोली. या तालुक्याची माती तांबडी आणि पोटात लोखंड. कित्येक वर्षे या रस्त्यांवरून खनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावत, घरांवर आणि झाडांवर तांबडी धूळ बसे, विहिरी आटत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या. लिलावांनंतर २०२४ पासून डिचोलीच्या पट्ट्यात पुन्हा काम सुरू झाले आहे. एका चहाच्या गाड्यावर एकाने सांगितले की खाणी बंद होत्या तेव्हा पाणी होते, पैसा नव्हता. दुसरा म्हणाला, पैसा होता तेव्हा पाणी विकत घेता येत होते. दोघे शेजारी होते, आणि चहाचे पैसे दुसऱ्याने दिले.

नार्वे येथील सप्तकोटीश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा कुलदेव. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते, ते पोर्तुगीजांनी मोडले. भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोली महालात आणले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने या देवळाचे काम सुरू झाले ते शके १५९० मध्ये, म्हणजे १६६८ साली, कार्तिक महिन्यातच. दरवाज्यावरील शिलालेखात तसे कोरले आहे. तो मी अक्षर अक्षर लावून वाचला आणि हिला समजावून सांगितले. उतरते कौलारू छप्पर, घुमट, समोर दीपमाळ, भोवती माडांची दाट सावली. गोवा सरकारने जीर्णोद्धार करून २०२३ च्या फेब्रुवारीत हे देऊळ पुन्हा खुले केले. काम नेटके झाले आहे. नवेपणाचा भपका नाही. देवळात आम्हाला एक पुजारी आणि पाणी भरणारी एक मुलगी एवढीच माणसे भेटली. देव नदी ओलांडून आला आणि येथे राहिला, हे त्या मुलीने आम्हाला सांगितले. काल घडल्यासारखे सांगितले.

हरवळ्याच्या गुंफा आणि धबधबा आम्ही उभ्या उभ्या पाहिला. पावसाळा सरून पाणी बारीक झाले होते.

त्रिपुरारी पौर्णिमेस साखळीजवळ विठ्ठलापूर येथे वाळवंटी नदीकाठी विठ्ठलाच्या देवळापुढे मोठा उत्सव असतो. हे देऊळ सत्तरीच्या राण्यांचे. राणे घराणे आपले मूळ राजस्थानात सांगते. म्हणजे ते उत्तरेतून येथे आले, जिवबादादा येथून उत्तरेस गेले. रस्ता एकच असावा. रात्री नदीत दिवे सोडतात आणि लोकांनी महिनाभर खपून केलेल्या लहानमोठ्या नौका सजवून पाण्यात उतरवतात. काहींवर शिडे, काहींवर देवळे, एकीवर तर सबंध किल्ला. काठावर हजारो माणसे. हिने द्रोणात दोन दिवे लावले. एक सोहिरोबांचा असेल असे मला वाटले, दुसरा कोणाचा ते विचारले. "राजाभाऊंचा," ती म्हणाली. प्रवाह संथ होता. दोन्ही द्रोण बराच वेळ एका जागी फिरत राहिले, मग एका नौकेच्या लाटेने पुढे सरकले.

पहाटे आम्ही चोर्ला घाटाने बेळगावकडे निघालो. गुरुजींनी निघताना एकच मागणे केले होते, की नानाखेड्याच्या त्या पाटीचे छायाचित्र पाठवावे, शाळेत लावायचे आहे. नऊ मुलांच्या शाळेत. घाटाच्या माथ्यावर थंडी लागली तेव्हा ही म्हणाली, "छायाचित्राबरोबर दोन ओळी लिहाल ना? मराठीत लिहा. मोठ्या अक्षरात."